डोक्यावर हात ठेवून सांग

चंद्रिका टॉकीजच्या लेडीज गेटवर इंदूबाई वासनिक एकवीस वर्षं उभी राहिली. एवढ्या वर्षांत मोठ्यांच्या पिक्चरला एकही कच्चं लेकरू तिच्या हाताखालून आत गेलं नाही. एक सोडून. लोक तिच्या कडकपणाचे किस्से सांगतात, गेटवरच्या तिच्या दोन स्टुलांची चेष्टा करतात, पण त्या एका लेकराचं कोणी सांगत नाही. सांगायला नको?

तेव्हा नागपुरात बायकांचं तिकीट वेगळ्या खिडकीवर मिळे, बायकांचा दरवाजा मागच्या बोळात असे आणि त्या दरवाजावर बाईमाणूसच लागे. पुढच्या मोठ्या दरवाजावर ताराचंद होता. मिशा बघाव्यात तर फौजदाराच्या, आणि काळीज बघावं तर सशाचं! विडीचं बंडल दिसलं की मिसरूड न फुटलेलं पोरगंही ताराचंदाला बापमाणूस वाटायचं. इंदूबाईपुढे मात्र कोणाची डाळ शिजत नसे. नवरा लहानू मिलमध्ये होता, दम्याने गेला, आणि त्याच वर्षी ती या गेटवर लागली. अंगाने काटकुळी, रंगाने सावळी, बोलणं मोजकं. कमरेला एक बॅटरी, बस्स.

पिक्चरवर ‘फक्त प्रौढांसाठी’ची पाटी लागली की तिची खरी ड्युटी सुरू व्हायची. आया लेकरं घेऊन यायच्याच. दोन वेण्या घातलेल्या पोरीला ‘अठराची आहे हो, अंगाने वाढली नाही’ म्हणून सांगायच्या. जन्माचा दाखला कोण पदरात बांधून फिरतो? अर्ध्या वस्तीचा जन्म तर एक जुलैचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोच लिहिला. इंदूबाई दाखला मागतच नसे. ती तिकीट हातात धरायची आणि म्हणायची, "इच्या डोक्यावर हात ठेव अन् सांग, किती वर्षाची हाय."

झालं! आईचा हात अर्धा वर जायचा आणि तिथेच थिजायचा. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं तर ते लेकराला भोवतं, हे कोणी कोणाला शिकवावं लागत नाही. बाया पदर ओढून माघारी फिरायच्या. काही जणी बोळाच्या टोकाला जाऊन शिव्या हासडायच्या. पण हात ठेवून खोटं बोलली, अशी माय दहा वर्षांत तिने पाहिली नव्हती.

आता गंमत बघा. हीच इंदूबाई छप्पन साली दीक्षाभूमीवर पांढरं लुगडं नेसून उभी राहिलेली. सासूचे सगळे देव, मरीमाय आणि खंडोबा धरून, तिने एका फडक्यात बांधले आणि कन्हान नदीत सोडले. नवस नाही, अंगात येणं नाही, भूत नाही, खेत नाही. ताराचंद तिला चिडवायचा, "इंदूबाई, देव सोडले, मंग हे शपथीचं काहून धरून ठेवलं वं?"

"देवाले कोण विचारते गा?" ती म्हणायची. "मी मायले विचारून राहिली."

त्र्याहत्तर सालच्या वैशाखात चंद्रिकाला भुताचा पिक्चर लागला. फक्त प्रौढांसाठी. बाहेर रंगवलेल्या बोर्डावर एका बाईचा चेहरा होता आणि त्या चेहऱ्याला पापण्या नव्हत्या. रंगवणारा विसरला की मुद्दाम सोडल्या, कोण जाणे. बाराच्या शोला झुंबड उडायची, निम्मी पिक्चरसाठी आणि निम्मी वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणाऱ्या गार हवेसाठी. नागपूरचं बारा वाजताचं ऊन ज्याने सोसलं त्यालाच ते कळेल. रस्त्यावर चिटपाखरू नसतं, डांबर चपलेला धरतं, आणि खिशात कांदा ठेवल्याशिवाय शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. जुनी माणसं म्हणतात, रात्रीच्या बारापेक्षा दिवसाचे बारा वाईट. इंदूबाई ते हसण्यावारी न्यायची.

इंदोऱ्याच्या वस्तीत तिच्या भिंतीला भिंत लागून कांताबाईचं घर होतं. कांताबाईला पिक्चरचा भारी नाद. हसरी, बडबडी, जिथे जाईल तिथे चार बाया गोळा करणारी. तिचा नवरा देवाजी सावनेरकडे कोळशाच्या खाणीत कामाला होता. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. आणि दोघांची एकुलती एक नीला. पाय कधी जमिनीवर नाहीत, लंगडी घालता घालता अख्खा मोहल्ला पालथा घालणारी. भुताच्या पिक्चरचा हट्ट तिनेच धरला.

देवाजीने जेवताना एका दमात निकाल दिला होता. "भुताचा पिक्चर पोट्टीले दाखवाचा नाही. तुले पाह्याचा असन तं तू एकटी जाय."

"भूत नसतेच म्हणता नं तुमी?" कांताबाईने विचारलं. "मंग भेता काहून?"

"नसते, म्हणूनच दाखवाचं नाही. नसलेली गोष्ट एकदा डोक्यात घुसली की काढाची कशी?"

बापाचं बरोबर होतं. पण बाप खाणीत, आणि पोरगी घरात. नीला दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कांताबाई विरघळली. तीन तासांचा तर पिक्चर, पाहील आणि विसरून जाईल, असं तिने मनाशी ठरवलं.

मंगळवारी बाराच्या शोला दोघी बोळात आल्या. निदान पोरीला साडी तरी गुंडाळायची! ते नाही. पिवळा फ्रॉक, गुडघ्याखाली चार बोटं, आणि दोन रिबिनी. इंदूबाईला आधी हसूच आलं. दोन तिकिटं हातात घेऊन तिने नेहमीचं वाक्य म्हटलं. तिला वाटलं होतं, कांता जीभ चावेल आणि लेकीला घेऊन घरी जाईल.

कांताबाईने हात उचलला तो थेट नीलाच्या डोक्यावर ठेवला. आणि हसत हसत म्हणाली, "अठरा! अठरा पूर्ण! हो का नाही वं नीले?"

नीला खुदकन हसली.

बोळातला वारा पडला. दरवाजावरचा जाड काळा पडदा आतल्या गार हवेने एकदा फुगला आणि पुन्हा चिकटून बसला. इंदूबाईला ठाऊक होतं की हे खोटं आहे. शेजारीण म्हणून ठाऊक असेल तेवढंच नव्हे. तिला नीलाचं वय नीलाच्या आईपेक्षा पक्कं ठाऊक होतं. एक शब्द पुरे होता. पण तिच्या आतून काहीतरी म्हणालं, जा. तिने दोन्ही तिकिटं फाडली, अर्धी हातात दिली, पडदा बाजूला केला. पिवळा फ्रॉक अंधारात गेला.

इंटरव्हलला सगळ्या बाया पाणी प्यायला बाहेर आल्या. कांताबाईही आली. नीला आली नाही. इंदूबाई बॅटरी घेऊन आत गेली. पोरगी खुर्चीवर ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर कोऱ्या पडद्यावर. बॅटरीचा उजेड तोंडावर पडला तरी तिने पापणी लववली नाही.

"नीला, पाणी पेतं का वं?"

नीलाची मान वळली नाही. इंदूबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. गार हवा लागली असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

शो सुटला. कांताबाई घाम पुसत, हसत, भुताच्या नकला करत बाहेर पडली. तिच्यामागून नीला आली. आईची पिशवी तिच्या हातात होती. पायरीवर थांबून ती म्हणाली, "हळू आई. पायरी हाय." आवाज तिचाच, पण ओलावा गेलेला. पिवळा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला होता. इंदूबाईने डोळे चोळले. उन्हात माणसाला काहीबाही दिसतं.

पण ते उन्हाचं नव्हतं. नीला खेळायला जाईना. पोरी दारात येऊन लंगडीसाठी हाका मारायच्या, ही उंबऱ्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहायची. आईच्या आधी उठून चूल पेटवायची. पिठाचा डबा हलवून म्हणायची, "चार दिवस पुरन." रिबिनी सोडून तिने अंबाडा बांधला. शनिवारपर्यंत चपला पुढून आखूड झाल्या. कांताबाई आधी म्हणाली, पोरगी शहाणी झाली. मग ती म्हणेनाशी झाली. शहाणं व्हायलाही काही रीत असते!

शनिवारी देवाजी आला तेव्हा नीलाच्या गालावर सूज होती. दाढ दुखते म्हणाली. सोमवारी खाडा करून तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरने तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारली आणि विचारलं, "वय?"

"बारावं चालू हाय साहेब."

"वय खरं सांगत जा," डॉक्टर चिडून म्हणाला. "ही अक्कलदाढ आहे. सतरा-अठराच्या आत येत नाही. शाळेच्या फीसाठी पोरींची वयं लपवता तुम्ही लोक."

देवाजी घरी आला तो पांढराफटक. त्या दिवशी कांताबाईने रडत रडत सगळं कबूल केलं. देवाजीने तिला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. नुसता म्हणाला, "असं काही होत नसते. होऊच शकत नाही." तेच तो दर थोड्या वेळाने पुन्हा म्हणायचा, आणि चोरून लेकीकडे बघायचा. मंगळवारी तो खाणीवर गेला नाही.

त्यातच मोहल्ल्याच्या डोळ्यांत पोरगी भरली. देवाजीच्या दूरच्या आतेबहिणीने भिवापूरचं स्थळ आणलं. मिरचीचा धंदा, मुलगा तेवीसचा, येत्या रविवारी दुपारी बघायला येतो म्हणाले. कांताबाई किंचाळली, "अवं, लेकरू हाय ते माहं!" नीला तांदूळ निवडत होती. ताटावरून मान वर न करता ती म्हणाली, "येऊ दे त्यायले आई. वय झालं माहं."

ते भिंतीपलीकडे इंदूबाईने ऐकलं. हातातला घास तिने ताटात ठेवला आणि उठून शेजारी गेली. नीलाला अंगणात बोलावून समोर बसवलं. भर ऊन होतं, पण पोरीच्या अंगाला घाम नव्हता.

"नीला, त्या दिवशी पिक्चरमधी काय पाह्यलं वं तू?"

"मले पिक्चर दिसलाच नाही मावशी."

"म्हणजे?"

"अंधार झाला, अन् मंग काहीच दिसलं नाही. मी बसून होती. आईले हाका मारल्या, आई नोहती. कोणीच नोहतं. लय दिवस बसून होती." ती जरा थांबली, जणू हिशेब लावत होती. "सहा वर्षं झाले असन. तुमी एकदा बॅटरी घेऊन आल्या होत्या. मले वाटलं, न्यायले आल्या. पण तुमी चालल्या गेल्या."

इंदूबाईला उठता येईना. रडावं तर कोणत्या तोंडाने?

कारण दोष कांताचा अर्धाच होता. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सरकारी दवाखान्यात दोन खाटा शेजारी शेजारी, एकीवर कांताबाई, एकीवर इंदूबाई. मारबतीचा दिवस होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, गावची सगळी पीडा तिच्या अंगावर घालून तिला जाळतात. खिडकीतून आरोळ्या येत होत्या, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" त्या आरोळ्यांतच दोघींना मुली झाल्या. कांताबाई तापाने फणफणली होती, तिला दिवस कळला नाही की वार कळला नाही. देवाजी महिन्याने आला. पुढे गुरुजींनी एक जुलै लिहिलं आणि विषय संपला. इंदूबाईची मुलगी चौथ्या दिवशी गेली. नावसुद्धा ठेवायचं राहिलं. पुन्हा तिची कूस उजवली नाही.

तेव्हापासून ती मोजत होती. कोणाला न सांगता, रोज सकाळी चूल पेटवताना एक दिवस वाढवायचा. आज माझी एवढी असती. नीलाचे दात पडले तेव्हा माझीचे पडले असते. नीला शाळेत गेली तेव्हा माझी गेली असती. जगाला वय विचारणाऱ्या बाईच्या पोटात हे एक वय होतं, आणि ते तिने कधी ओठांवर आणलं नव्हतं.

आणि त्या मंगळवारी कांताने हसत हसत सहा वर्षं उधळून दिली. जिच्या लेकीला एक दिवस वाढवून मिळाला नाही, तिच्या डोळ्यांदेखत! तेव्हा आतून जे ‘जा’ म्हणालं, ते रागाने म्हणालं होतं. एवढी वर्षं ती लेकरं अडवत होती, आणि ज्या एका लेकरावर तिचा जीव होता, त्यालाच तिने जाणूनबुजून अंधारात सोडलं.

शनिवारभर कांताबाई घरात लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होती, "बारा. बारा वर्षाची हाय माही पोट्टी. बारा." काही होत नव्हतं. नीला तिचा हात हळूच बाजूला करायची आणि म्हणायची, "दमशीन आई." शेवटी रविवारी सकाळी कांताबाई केस मोकळे तसेच घेऊन इंदूबाईच्या दारात आली.

"तुह्या गेटवर बोलली मी. तुह्या गेटवरच परत घेतो. चाल."

अकरा वाजता बोळात चौघं होती. शोला अजून तास होता, टॉकीज रिकामी, पडदा ओढलेला. देवाजी दुपट्टा तोंडाला गुंडाळून भिंतीशी उभा राहिला. "हे सारं थोतांड हाय," तो म्हणाला. पण गेला नाही. दुपारी भिवापूरची माणसं येणार होती.

इंदूबाई आपल्या जागेवर उभी राहिली. ती म्हणाली, "इच्या डोक्यावर हात ठेव अन् सांग, किती वर्षाची हाय."

"बारा," कांताबाई म्हणाली.

पडदा हललासुद्धा नाही. नीला शांत उभी होती, अंबाडा बांधून, आईच्या खांद्याला खांदा लावून.

"बारा नाही कांता."

"मंग? तेरा? मले नाही माहीत वं माय! पुन्हा खोटं निंगालं तं काय होईन इचं?"

"अकरा वर्षं, आठ महिने, सतरा दिवस."

कांताबाई बघतच राहिली. "तुले कसं माहीत?"

"माहीबी त्याच दिवशीची नं वं."

कांताबाईचं तोंड उघडं पडलं. दोन खाटा तिला आठवल्या असाव्यात. मग हळूहळू दुसरीच गोष्ट तिच्या ध्यानात आली. "म्हणजे त्या मंगळवारीबी तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग काहून सोडलं वं आत?"

इंदूबाईला खोटं बोलता आलं असतं. पण ती जागा खोटं बोलायची नव्हती. "तू हसत होती म्हणून," ती म्हणाली.

कांताबाईने हात उगारला. इंदूबाईने तोंड चुकवलं नाही. मार बसला असता तर बरंच वाटलं असतं तिला. पण मध्येच नीला थंडपणे म्हणाली, "भांडू नका. लोक पाहून राहिले." बोळात कोणी नव्हतं. ती काळ्या पडद्याकडे बघत होती.

तो हात मग खाली आला. "माहा हात खोटा झाला," कांताबाई म्हणाली. "तू ठेव."

"मायचाच पाह्यजे."

कांताबाईने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. पण खोटा झालेला हात तिला तिथे ठेववेना. तेव्हा इंदूबाईने वरून आपला हात ठेवला आणि दाबून धरला. दोघी मिळून बोलल्या. अकरा वर्षं. आठ महिने. सतरा दिवस. ते वय इंदूबाईच्या ओठांवर पहिल्यांदाच आलं, आणि बोलता बोलता तिचा आवाज फुटला.

मग त्या मंगळवारी जे बोलायचं राहिलं होतं ते ती बोलली. "अठरा नाही. आत जाता येत नाही. घरी ने लेकराले."

थोडा वेळ काहीच झालं नाही. पडदा आतून एकदा फुगला, मोठा फुगला, आणि बसला. नीलाचा खालचा ओठ पुढे आला. हनुवटी थरथरली.

"पण मले पाह्याचा हाय!" तिने पाय आपटला. "तू कबूल केलतं आई! साऱ्यायनं पाह्यला, मीच नाही!" आणि तिने असं भोकाड पसरलं की पुढच्या दरवाजावरून ताराचंद धावत आला. नाक वाहत होतं, अंबाडा सुटला होता, आणि एवढी थोरली पोरगी बोळात बसून टाचा घासत होती. कांताबाई तिला पोटाशी धरून हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. देवाजी पायरीवर मटकन बसला. दुपट्ट्याने डोळे पुसत म्हणाला, "बरफाचा गोळा घेऊन देतो मा. चूप राह्य."

भिवापूरची मंडळी चहा पिऊन परत गेली. नवरी मुलगी मागच्या दारी लंगडी खेळत होती. वाढलेली उंची काही कमी झाली नाही, दाढही तशीच राहिली. पुढची काही वर्षं नीला आपल्या लांब पायांत अडखळून पडायची. कांताबाई वर्षभर इंदूबाईशी बोलली नाही, मग बोलली. हे सगळं ठीकच झालं म्हणायचं.

पण त्या रविवारी तिघं घरी गेल्यावर इंदूबाई गेटवर एकटीच उरली. ड्युटी होती, जाणार कुठे? बारा वाजले. बाया आल्या, तिकिटं फाडून झाली, आत पिक्चर सुरू झाला. बोळात ऊन नुसतं उभं होतं. तिच्या तळहाताखाली अजून ऊब होती. आधी तिला वाटलं, नीलाच्या डोक्याची असेल. मग तिच्या ध्यानात आलं, की नीलाच्या डोक्यावर कांताचा हात होता, आपला नव्हता.

ऊब जाईना. उलट वाढली. तिच्या खांद्याच्या जरा खाली, अकरा-बारा वर्षांच्या पोरीच्या उंचीवर, काहीतरी हाताला लागत होतं. केस होते. तेल न लावलेले, उन्हाने तापलेले. आणि काळा पडदा खालच्या बाजूने हळूच सरकत होता, कोणीतरी आत डोकावत असावं तसा.

भूत नाही, खेत नाही म्हणणारी बाई ती. ओरडावं, की पळावं? तिने दोन्ही केलं नाही. इतकी वर्षं मोजत आणलेलं वय तिने आज दारात उभं राहून, हात ठेवून, मोठ्याने सांगितलं होतं. ज्या लेकराचं होतं, ते घ्यायला आलं.

तिने हात तसाच ठेवला आणि डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही.

"तुलेबी आत जाता येत नाही माय," ती म्हणाली. "अठराची नाही तू. इथंच बस माह्याजवळ."

पडदा जागेवर आला. दुसऱ्या दिवशी इंदूबाईने मॅनेजरकडून गेटसाठी आणखी एक स्टूल मागून घेतलं, बुटकं. टॉकीज बंद होईपर्यंत ते तिच्या स्टुलाशेजारी होतं. त्यावर ती कोणाला बसू देत नसे.